प्रेमलता पुण्याला गेली आहे

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

प्रेमलताचा फोन मी बंद करणार नाही. मुग्धा बंगलोरहून रोज तेच सांगते — बाबा, आईचा नंबर बंद करून टाका, कशाला जिवाला त्रास. जीव माझा आहे, त्रासही माझाच. पोरीला काय कळते!

आज दुपारी तोच फोन वाजला. पलीकडे एक म्हातारी. "बाई?" मी म्हटलं, मी तिचा नवरा. "बाई कुठी हाये?"

वाक्य तोंडात तयार होतं. ती वारली, बारा जानेवारीला. बँकेत म्हटलं, गॅसवाल्याला म्हटलं, दूधवाल्याला म्हटलं. आता म्हणताना जीभ अडखळतसुद्धा नाही. पण म्हातारीनंच पुढे विचारलं — "धर्मेंद्र म्हनते पुन्याले गेली. खरं काय?"

मी म्हटलं, "हो. पुण्याला गेली आहे."

काहून म्हटलं, देव जाणे. फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. बरं वाटलं. इथे कोण वाचणार आहे, म्हणून लिहितो — फार बरं वाटलं. पुण्याला गेलेलं माणूस परत येतं.

५ फेब्रुवारी

सकाळी त्या धर्मेंद्रचा फोन. माफी मागत होता. नरखेडच्या अलीकडे गाव आहे, संत्र्याचा बगीचा आहे. म्हातारी म्हणजे त्याची आई, रुखमाबाई. पोटात गाठ, आता कमरेच्या हाडात उतरली. दवाखान्यानं दिवाळीतच सांगून टाकलं — घरी न्या, सेवा करा. तेव्हापासून प्रेमलता तिच्याकडे जात होती. त्या गावच्या बसचं वेळापत्रक तिला पाठ होतं, ते मला आठवते. म्हातारीचं नाव मात्र कधी सांगितलं नाही. पेशंटची नावं ती घरात घेतच नव्हती.

"काका, ताईची बातमी आमाले समजली, पन आईले सांगाची हिंमत झाली नाही. ती ताईच्याच भरवशावर हाये. सांगितलं तं धक्क्यानंच जाईन. म्हनून म्हटलं, पुन्याले गेल्या, नव्या नर्सायले शिकवाले."

मी म्हटलं, बरं केलं.

बरं केलं! हे मी म्हणतो. प्रेमलताचा एकच नियम होता, मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलायचं नाही. आपण होऊन सांगायचं नाही, पण त्यानं विचारलं तर खोटं नाही. या एका नियमापायी किती घरांतून शिव्या खाऊन आली, त्याला गणती नाही. 'आमच्या बाबांना काही सांगू नका' म्हणून लोक हात जोडायचे, ही म्हणायची, मी सांगत नाही, पण त्यांनी विचारू नये अशी प्रार्थना तुम्ही करा. आणि ती गेल्यावर तिच्याच नावानं पहिलं खोटं बोलणारा कोण? तिचा नवरा.

६ फेब्रुवारी

रथसप्तमी झाली, हळदीकुंकवं संपली एकदाची. समोरच्या बिल्डिंगमधून रोज बायकांचं हसणं ऐकू यायचं. खिडक्या लावून बसत होतो.

प्रेमलताला या कॉलनीत हळदीकुंकवाचं बोलावणं नसायचं. तोंडावर कोणी म्हणत नव्हतं, पण 'ती मरणाच्या घरून येते' हे सगळ्यांच्या डोक्यात. बारशाला गेली तर पाळण्याजवळ जाऊ देत नव्हते. यमाची बाई म्हणायचे मागून. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ही हसायची — "बरं झालं ना. त्या वाणाच्या वाट्या-डब्या ठेवायला आपल्या कपाटात जागा कुठे आहे?"

आणि बारा तारखेला? सवाष्ण गेली म्हणून त्याच बायांची ओटी भरायला रांग. तिच्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन आपल्या कपाळाला लावून राहिल्या होत्या. भाग्याची हो, अहेव गेली. मी एकीचं मनगट धरलं. म्हटलं, पुरे. सगळे म्हणाले, श्रीधररावांना दुःखानं भान नाही. भान होतं. चांगलं होतं.

८ फेब्रुवारी

भैरवी आली होती. प्रेमलताच्या हाताखाली शिकलेली नर्स, आता घरोघरी जायचं सगळं काम तिच्याच अंगावर आहे. प्रेमलताची स्कूटर मीच तिला देऊन टाकली. जिन्याखाली गाडी थांबल्याचा आवाज आला आणि मी उठून जेवणाची दोन पानं घेतली. दार उघडल्यावर आठवलं.

ती रुखमाबाईसाठीच आली होती. म्हातारी मॉर्फिनची गोळी घेत नाही. डॉक्टरांनी लिहून दिली आहे, डबी घरात आहे, कळ सहन होत नाही, तरी घेत नाही. त्या गावात पूर्वी कोणाला तरी ही गोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. जाणारच होता. पण गावात झालं की ही शेवटची गोळी आहे, दिली की माणूस संपला. प्रेमलतानं रुखमाबाईला समजावलं होतं — साध्या गोळीनं भागत नाही असं झालं की मला बोलवा. पहिली गोळी मी माझ्या हातानं देईन आणि कळ थांबेपर्यंत उशाशी बसेन. मेलात तर मला शिव्या द्या. म्हातारीनं ते धरून ठेवलं. बाईच्या हातानं घेईन, नाही तर नाही.

"आणि धर्मेंद्रभाऊ रोज सांगून राहिले, ताई येतील, ताई येतील. काका, ताई कुठून येतील? मी सांगते म्हटलं तर म्हणाले, मग उंबऱ्याच्या आत येऊ नका. तुम्ही सांगा. तुम्हाला ते अडवणार नाहीत. ताई नाही हे कळलं तरच ती दुसऱ्या कोणाच्या हातानं घेईल."

सांगतो म्हटलं. उद्याच जातो.

९ फेब्रुवारी, रविवार

गेलो. सांगितलं नाही.

रुखमाबाई ओसरीत बाजेवर होती. अंगात काही उरलेलं नाही, नुसते डोळे. समोर संत्र्याची झाडं, बहर आलेला, वासानं डोकं जड होत होतं. तिनं माझा हात धरला. "तुमी बाईचे मालक? बसा. बाई जेवते ना तिकडं बराबर?"

एवढे लोक भेटून गेले. कसं झालं, किती वाजता झालं, बीपी होतं काय, आधी काही लक्षण नव्हतं काय. प्रेमलता जेवते का, हे विचारणारं कोणी भेटलं नव्हतं. माझ्या तोंडून जे निघालं ते असं — "कुठे जेवते. तिकडचं वरण गोड असते. तिला गिळवत नाही."

म्हातारी हसली. मग मी थांबलोच नाही. खोली तिसऱ्या माळ्यावर दिली आहे, गुडघे दुखून राहिले. शिकायला आलेल्या पोरी मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, त्यांच्यावर ओरडते. रोज सकाळी फोन करते, दूध उतू घातलं काय म्हणून विचारते. कुठून येत होतं कोणास ठाऊक. सून भारती पाण्याचा गिलास घेऊन दाराशी उभी होती, वर पाहत नव्हती.

मधेच म्हातारीला कळ आली. बाजेची दोरी दोन्ही हातांनी आवळून धरली, श्वास कोंडला, तोंड काळंनिळं झालं. मग हात सुटले. "झालं. सांगा पुढं."

मी पुढे सांगितलं.

"कवा येते मंग?"

"येईल. आठ-दहा दिवसांत."

परतताना बसमध्ये खिडकीशी बसून मी खूश होतो. काय माणूस आहे मी.

११ फेब्रुवारी

पुन्हा गेलो. कोणी बोलावलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

भैरवीचे फोन येऊन राहिले. उचलत नाही.

प्रेमलतानं हे काम सुरू केलं तो दिवस आठवत बसलो. तेव्हा ती दवाखान्यात नोकरीला होती. उमरेडकडचा एक विणकर, जबड्याचा कॅन्सर. इलाज संपला, खाट रिकामी करून द्या, घरी न्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ही ड्यूटी संपवून निघाली तर ते लोक गेटजवळच, चादर टाकून. जखमेला वास येत होता, कोणी गाडीवाला बसवून घेईना. हिनं एक टेम्पो ठरवला आणि स्वतः त्यात बसून उमरेडला गेली. जखम धुतली, बायकोला धुवायला शिकवलं, सकाळी घरी आली. मी दारातच भांडलो. तिनं चप्पल काढली, हात धुतले आणि म्हणाली, "अहो, बरं होणाऱ्यासाठी तिथे सगळं आहे. न बरं होणाऱ्यासाठी नुसतं गेट आहे."

वर्षभरात नोकरी सोडली. पिशवी घेऊन घरोघरी. आमच्या ओळखीत तेव्हा असं काम करणारं कोणी नव्हतं. डॉक्टर लोकसुद्धा हसायचे, इलाज नाही तर जाऊन करता काय म्हणे. ही काय करायची? खाली बसायची. खुर्ची दिली तरी जमिनीवर, म्हणजे आजारी माणसाला मान वर करावी लागू नये. आणि आधी विचारायची, काय खावंसं वाटते? एकाला गिळणं बंद, नळीवर होता. तो म्हणाला, सांबारवडी. हिनं महाल भागातून गरम सांबारवडी आणली, कोथिंबिरीच्या सारणाचा चिमूटभर तुकडा त्याच्या जिभेवर ठेवला, चव घेऊ दिली आणि रुमालानं पुसून काढला. घरचे संतापले. तो माणूस रडत होता आणि बोटानं खूण करत होता, अजून एक.

आणि ही स्वतः? सीताबर्डीला ब्लाऊजपीस आणायला गेली. मेट्रोच्या जिन्यात कोसळली. अनोळखी लोकांनी फोन केला तोवर सगळं झालं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशाशी बसली, तिच्या उशाला जिन्याची पायरी. मी घरी पेपर वाचत होतो. हिला कोणीच काही विचारलं नाही. मी या गोष्टीसाठी देवाला माफ करणार नाही, तो असला तर.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी श्रद्धांजली सभा. एकानं देवदूत म्हटलं, दुसऱ्यानं दीपस्तंभ. तिसरा म्हणाला, ताई अगदी शांतपणे गेल्या. तू होतास काय रे तिथे? ज्यांनी कधी तिला नर्सांच्या शिकवणीसाठी हॉलचं भाडं माफ केलं नाही ते पहिल्या रांगेत डोळे पुसून राहिले होते. माझ्या हातात माईक दिला. मी धन्यवाद म्हटलं आणि खाली बसलो.

तिथूनच बस स्टँडवर गेलो.

सभागृहात प्रेमलताच्या फोटोला हार आहे. रुखमाबाईच्या ओसरीत तिचे गुडघे दुखतात. मग मी कुठे जाऊ?

म्हातारी आज जास्त बोलली नाही. पण ऐकत होती. मी सांगितलं, पुण्याला थंडी आहे, शाल न्यायची विसरली. मी इथून कुरिअर केली. भारती पटकन आत निघून गेली. मी सांगतच होतो.

१७ फेब्रुवारी

आंघोळ केली नाही. भात लावला तो तसाच ठेवला. कुठेही बसलो तरी समोर तिची जागा येते. या घरात राहवत नाही आणि जायला दुसरं घर एकच आहे, तिथे एक बाई माझ्या खोट्यापायी तडफडून राहिली आहे.

१९ फेब्रुवारी

भारतीचा फोन आला म्हणून गेलो. "काका, या. आमच्या मायकडं पाहवत नाही."

म्हातारीनं पदराचा बोळा दातांत धरला होता. तो बाहेर काढला तर त्याला रक्त. मला पाहून पहिला शब्द — "आली?"

मी डबीतून गोळी काढली. म्हटलं, "प्रेमलतानं सांगितलं आहे, यावेळी तुम्ही द्या. फोनवर बोलली मघाशी."

म्हातारीनं माझा हात बाजूला केला. "तिनं सांगीन असं नवतं म्हटलं. देईन म्हटलं होतं."

धर्मेंद्र मला बाहेर मोटरपंपाच्या खोलीकडे घेऊन गेला. माणूस वाईट नाही. डोळ्याखाली काळं झालं आहे, दाढी वाढली आहे. म्हणाला, "काका, पुन्याहून कोनी बाईनं फोन केला तं? 'मी बोलते, घेऊन टाका गोळी' एवढंच म्हनाचं. फोनवर आवाज कोन वळखते?"

आणि मी विचार करू लागलो! प्रेमलतासारखा आवाज कोणाचा आहे, नात्यात कोण तसं बोलते. तिच्या मावसबहिणीचा जुळतो, असं माझ्या मनातसुद्धा आलं. मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात घरातून ओरडणं ऐकू आलं. माय वं, माय वं. म्हातारी बाई, सत्तरीच्या पुढची, तिच्या आईला हाका मारून राहिली होती.

मी पळून आलो. ओसरीतून न जाता मागच्या वाटेनं रस्त्यावर आलो. जी बस आली तिच्यात बसलो.

२० फेब्रुवारी

भैरवी दार वाजवत राहिली. शेवटी उघडलं.

बसली नाही. उभ्याउभ्याच — "काका, एका गोळीचं काम आहे. एका गोळीनं अर्ध्या तासात त्या बाईची कळ उतरते. ती गोळी तिच्या उशाशी आहे आणि तुम्ही तिला शालीच्या गोष्टी सांगून राहिले."

मी म्हटलं, तिला धक्का बसेल.

"तिला नाही. तुम्हाला. तुम्हाला ताई जिवंत पाहिजे, म्हणून ती बाई ओरडून राहिली आहे."

मी म्हटलं, चालती हो माझ्या घरातून. ती गेली. जिना उतरताना रडत होती, ऐकू आलं. माझी पोर असती तर मी तिच्या मागे गेलो असतो.

खरं आहे ती म्हणते ते. अक्षर अन् अक्षर खरं आहे.

२१ फेब्रुवारी

दिवसभर पडून. प्रेमलता, काय करू गं?

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळच्या पहिल्या बसनं गेलो. रस्ताभर वाक्य घोकत होतो आणि काटोल आलं तेव्हा पुन्हा वाटलं, आज नको, सोमवारी सांगू.

ओसरीत पोचलो. रुखमाबाई कुशीवर वळलेली, गुडघे पोटाशी. भारती पाय चोळत होती, धर्मेंद्र भिंतीला टेकून बसला होता. म्हातारीनं मला डोळ्यांनीच जवळ बोलावलं. मी खाली बसलो, जमिनीवर.

"भाऊ, तुमची बायको खोटं बोलते काय?"

"नाही."

"कवाच नाही?"

"कधीच नाही."

"मले म्हने, पयली गोळी मी देईन. मी इतके दिवस बोंबलून राहिली. तिले समजलं नसन काय? समजलं अन् आली नाही, तं मंग ती खोटी. खोटी तं ती नाही, तुमीच म्हनता." थांबली. कळ येऊन गेली. मग अगदी हळू — "मंग ती नाहीच. मेली ना बाई?"

विचारलं होतं तिनं. सरळ विचारलं होतं.

मी म्हटलं, "हो. मेली."

"काका!" धर्मेंद्र ओरडला. उठून उभाच राहिला. मला वाटलं मारतो आता. मारलं असतं तरी चाललं असतं.

म्हातारीला धक्का बसला नाही. ती रडली. आवाज न करता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून कानाकडे पाणी जात होतं. मग धर्मेंद्रकडे पाहून म्हणाली, "मी मरून राहिली म्हनून मले अक्कल नाही काय रे? मानूस मेल्यावर त्याच्यासाठी रडू द्यावं लागते. तुवा मले तेही नाही करू देल्लं." तो खाली बसला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. भारती तोंडाला पदर लावून रडत होती, किती दिवसांचं ते तिलाच माहीत.

मला विचारलं, कशी गेली. मी सांगितलं. सीताबर्डी, जिना, सगळं. खरं खरं. सांगताना माझा आवाज फुटला, तोही फुटू दिला.

"जवळ कोन होतं?"

"आपलं कोणी नव्हतं."

ती माझ्या हातावर हात ठेवून पडून राहिली. मग म्हणाली, "द्या आता. तुमीच द्या. तिच्या हातचं नाही तं नाही, तिच्या घरचं तं हाये."

मी भैरवीला फोन लावला. कालपरवाचं एक अक्षर तिनं काढलं नाही. किती पाण्यासोबत, डोकं किती वर, नंतर काय पाहायचं, सगळं सांगितलं आणि म्हणाली, मी निघते. गोळी मी माझ्या हातानं दिली. थोडं पाणी तिच्या गळ्यावर सांडलं, भारतीनं पुसलं. मग मी उशाशी बसलो. प्रेमलता अशीच बसत असेल. मी कधी पाहिलं नव्हतं. ती कशी काम करते ते पाहायला मी एकदाही तिच्यासोबत गेलो नाही, आणि आज कळलं की हे काम म्हणजे बसून राहणं आहे, उठून न जाणं.

हळूहळू बाजेची दोरी सुटली तिच्या हातातून. गुडघे पोटापासून लांब झाले. कपाळाची आठी गेली. मला तिचा खरा चेहरा पहिल्यांदा दिसला, चांगला मिश्कील चेहरा आहे. तिला झोप लागली. धर्मेंद्र दर मिनिटाला नाकाशी बोट धरून पाहत होता. भैरवी आली तेव्हा तिनं त्याला हसून बाजूला केलं.

दुपार कलल्यावर म्हातारी जागी झाली. भारती आत होती, धर्मेंद्र भैरवीला सोडायला फाट्यापर्यंत गेला होता. मीच होतो.

"भाऊ."

"हं."

"मी आता निंगली. तिची गाठ पडनच तिकडं. काही निरोप असन तं सांगा."

थट्टा नव्हती. शेजारच्या गावाला जाणारं माणूस विचारते तसं विचारलं. सहा आठवडे झाले, लोक मला सांगून राहिले, धीर धरा, सावरा, विसरा. तिला काही सांगायचं आहे काय, हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "सांगा — मी बरा आहे. माझी काळजी करू नको म्हणावं."

तिनं पुन्हा डोळे उघडले.

"हे नाही नेत मी. येवढ्या लांब खोटं कायले वाहू? खरं असन तं सांगा."

मग मी तिच्या कानाशी वाकलो आणि खरं सांगितलं. वेळ लागला. काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

"हां," म्हणाली. "ध्यानात ठेवते."

२४ फेब्रुवारी

रुखमाबाई आज पहाटे गेली. भारतीचा फोन होता. कळ नव्हती, कण्हली नाही, काल थोडा आंबट वरणभात मागून खाल्ला. "पन काका, काल दिवसभर एकच पुटपुटत होत्या. पोरं पाढे पाठ करतेत ना, तसं. 'बाई, तुमच्या मालकाले बरं नाही. तुमच्याबिगर बिलकुल बरं नाही त्याले.' शेवटपर्यंत तेच." मग विचारलं — "काका, खरंच बरं नाही काय तुमाले?"

मी म्हटलं, "नाही, बाई. बरं नाही."